जाऊबाईंनी काढून दिलेले दिवस

जाऊबाई,

तुमची तेरवी आज दुपारी आटोपली. पंगती उठल्या, पत्रावळी उचलून झाल्या, रामपायलीहून आलेले तुमचे भाऊ मोटार चुकेल म्हणून घाईघाईनं निघाले. उद्या सकाळी खानावळ उघडायची आहे. मी हात धुऊन इथं मागच्या खोलीत येऊन बसले. कादंबरीचं शेवटचं प्रकरण लिहायचं म्हणून कागद पुढं ओढला आणि त्यावर 'जाऊबाई' एवढंच लिहिलं गेलं. आता लिहिलंच आहे तर बोलून घेते. तुम्ही होतात तोवर मला एक वाक्य कधी धड पुरं करू दिलं नाहीत.

खरं सांगू? सुतकाच्या या दिवसांवर माझा डोळा होता. सुतक म्हणजे चूल बंद, जेवणारे बाबू दुसरीकडे आणि आपल्यासाठी शेजारून डबा. सासूबाईंचं सुतक सोडलं तर लग्न होऊन आल्यापासून इतके मोकळे दिवस एका ओळीनं मला कधी मिळाले नव्हते. तुम्हाला नेलं, आम्ही बाया न्हाऊन आलो, तुमची लेक शकू माझ्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत होती आणि माझ्या मनात आलं, आता पुस्तक पुरं होईल. तुमची चिता विझलीसुद्धा नसेल. मी तो विचार झटकला, पण आला तो आलाच. आणि उपयोग काय झाला म्हणाल तर काहीच नाही. रोज दुपारी इथं येऊन बसले आणि रोज कोरा कागद तसाच ठेवून उठले. वेळ मिळाला की लिहिता येतं, असं मी इतकी वर्षं तुमच्याशी भांडत आले. घ्या, जिंकलात.

तुम्ही पहिल्या दिवसापासून जिंकतच आलात. राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर आपल्यापासून तुटलं आणि आपला जिल्हा हिंदीच्या राज्यात उरला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी तिरोडीहून या घरात आले. माझी लोखंडी पेटी तुम्ही एका हातानं उचलून पाहिलीत.

"काय हाय वं यात? लय जड हाय."

"कागद आहेत."

"लिहलेले?"

"कोरे. मला एक मोठी कादंबरी लिहायची आहे."

"अवो माय! बाकीच्या बाया भरलेली पेटी आनतात, इनं कोरी आनली," असं म्हणून तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की ओसरीवर जेवणारे बाबू पोळी हातात धरून आत बघायला लागले. मला असा राग आला होता की त्या दिवशी तुम्ही वाढलेलं मी जेवले नाही. रात्री भूक लागली तेव्हा तुमच्याकडेच मागावं लागलं.

माझे वडील तिरोडीच्या मॅंगनीज खाणीवर हजेरी घेत. डोक्यावर टोपलं घेऊन चढणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहत आले होते. काळ्या धुळीनं माखलेल्या, पोटुशा, भांडखोर, गाणी म्हणणाऱ्या. त्यांच्यातल्या एकीची, गेंदाची, तिच्या आईची आणि तिच्या लेकीची गोष्ट मला लिहायची होती. मासिकात दोन गोष्टी छापून आणून गावात मिरवणं मला नको होतं. असं पुस्तक लिहायचं होतं की नागपूर-पुण्याच्या माणसांनी नकाशा काढून तिरोडी कुठं आहे ते शोधावं. तेव्हा हा ताठा मला शोभतही असेल. वय लहान होतं.

आणि लग्न झालं ते खानावळीच्या घरात. बाहेर पाटी हिंदीत, 'मराठी भोजनालय', आणि आत जंगलखात्याचे, कचेरीतले, शाळेतले बाबू. चिन्नोरच्या भाताचा वास आला की त्यांना घरची आठवण येई आणि आपल्याला घाम येई. तुमचे मालक, म्हणजे मोठे भाऊजी, बाजार आणि गल्ला बघायचे, आमचे हे परसवाड्याच्या बाजारातून तांदूळ-डाळ आणायचे आणि चुलीपुढं तुम्ही नि मी. सासूबाई वर्षाच्या आत गेल्या. सकाळचं जेवण उरकलं की भांडी, भांडी झाली की तांदूळ निवडणं, ते झालं की संध्याकाळचं वरण चढवायची वेळ. गेंदा माझ्या डोक्यात दिवसभर टोपलं घेऊन उभी राहायची आणि मी पोळ्या लाटायची. एकदा तिचं एक बोलणं मनात इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी तव्यावरची पोळी तशीच सोडून कागद शोधायला धावले. पोळी जळाली. तुम्ही ती जळकी पोळी माझ्याच ताटात वाढलीत आणि म्हणालात, "हे घे, लिहनाराचं मानधन."

लिहायला मला मिळायचे ते महिन्याचे चार दिवस. कावळा शिवला की मागच्या या खोलीत. इकडे लाकडं, तिकडे गोवऱ्या, वर एवढासा झरोका. ताट लांबून सरकवायचं, विहिरीला हात लावायचा नाही. आमच्या तिरोडीच्या घरात वडिलांनी हे सगळं बंद केलं होतं. मी तर शाळेत या विटाळाविरुद्ध निबंध लिहून बक्षीस घेतलेलं. पहिल्या महिन्यात या खोलीत मी रागानं रडले. दुसऱ्या महिन्यात कंटाळून पेटीतले कागद मागवले. तिसऱ्या महिन्यात मी दिवसांची वाट बघायला लागले. ज्या चालीला मी शिव्या घातल्या तिच्याच आडोशाला माझं पहिलं प्रकरण झालं, आणि हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

मग तो सकाळचा प्रसंग. मी डोक्यावरून पाणी घेऊन, केस पुसत स्वयंपाकघराच्या दाराशी आले होते. गेंदाला बाळ व्हायच्या ऐन वेळी मला उठावं लागलं होतं. माझं तोंड तुम्हाला कसं दिसलं कोण जाणे. तुम्ही हातातली पळी तशीच धरून ओसरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडलात, "अवं, तू काहून उठली? तुयं अजून सरलं कुठं? जाय, मांगं जाय!"

मी बघतच राहिले. "जाऊबाई, पण माझं तर..."

तुम्ही जवळ येऊन दात आवळून पुटपुटलात, "मी म्हन्तो तं सरलं नाही. किती पानं राह्यली?"

"पाच-सहा."

"मंग जाय न बापा. पोळ्या मी पाह्यतो."

मी परत या खोलीत आले आणि दार लावून इतकी हसले की गोवऱ्यांवर आडवीच पडले. तुम्ही काय ओळखलं होतंत ते मला हळूहळू कळलं. या घरात, या गावात, दुनियेतल्या प्रत्येक गोष्टीबद्दल पुरुष बायकोला विचारू शकतो, पण या एका गोष्टीबद्दल कोणी विचारत नाही. नाव निघालं की खाली बघतात. त्या भिंतीच्या आत तुम्ही मला ढकललंत आणि बाहेरून कडी लावलीत. चाराचे सहा झाले, सहाचे आठ झाले. कधी कधी महिन्यातून दोनदा. तुमचं स्वतःचं शकूच्या वेळच्या बाळंतपणानंतर लवकरच बंद झालेलं होतं, म्हणून तुम्ही कधी बाजूला बसत नव्हता. वर्षभर चुलीपुढं तुम्ही एकट्या. मी या खोलीत कोंडलेली आणि तुम्ही त्या स्वयंपाकघरात.

याची किंमत मलाही पडलीच. मला मूल झालं नाही. का झालं नाही ते देवाला ठाऊक, पण घरादारानं ते या 'आजारा'वर ढकललं. बायका कीव करायच्या. आपल्याच वॉर्डातली शांता, बौद्ध झालेल्या घरातली, शाळेत शिकवायची. तिनं एकदा मला चांगलंच खडसावलं. "आम्ही हे सगळं टाकून दिलं आणि तू एवढी शिकलेली, आठ-आठ दिवस लाकडात बसतेस? लाज नाही वाटत?" तिला काय सांगणार होते? मला कोंडून घेतलं तरच मी मोकळी असते, हे कुठल्या तोंडानं सांगणार होते?

आणि ती बाटली! मोठे भाऊजी म्हणजे जुन्या वळणाचे, धाकट्या भावाच्या बायकोशी समोर उभं राहून बोलायचे नाहीत. पण माणूस मायाळू. माझ्या प्रकृतीची त्यांना काळजी लागली. एक दिवस स्वयंपाकघराच्या कोनाड्यात बायकांच्या दुखण्यावरच्या अशोकारिष्टाची बाटली येऊन बसली. कोणी आणली, कोणासाठी आणली, कोणी बोललं नाही. बाटली कमी झाली नाही तर माणूस चिंतेत पडणार, आणि मला तर काही झालेलं नाही. तुम्हीच तोड काढलीत. रोज सकाळी चूल पेटवली की दोन घोट घ्यायचात, तोंड वेडंवाकडं करायचात आणि म्हणायचात, "आजार तुले अन् कडू मले. कादंबरीत लिहजो हे."

ते मी कादंबरीत लिहिलं नाही. गेंदाच्या गोष्टीत तुम्हाला जागा नव्हती. आता वाटतं, सगळी जागा तुमची असायला हवी होती.

गेंदावरून आपण भांडलो किती! प्रकरण झालं की मी ते दुपारी भांडी घासताना तुम्हाला सांगायची. वाचून नव्हे, सांगून. तुम्हाला वाचलेलं आवडत नसे, म्हणायचात, "तोंडानं सांग, कागदात तोंड खुपसू नको." आणि ऐकून झालं की हमखास काहीतरी खोडी काढायचात. "तुयी गेंदा इतकी राबते, एकदाबी जेवताना दिसली नाही. उपाशी मरन न थे." किंवा, "तिचा नवरा इतका वाईट काहून? माणूस दिवसातून एकदा तं बरा वागते." काही तुमचं पटायचं, पुष्कळसं नाही. गेंदाच्या लेकीचं तुम्हाला थाटात लग्न लावून हवं होतं, तेही चांगल्या जमीनदाराशी. मी म्हटलं, खाणीवरच्या पोरीला जमीनदार कुठून येणार? तुम्ही म्हणालात, "तुयंच तं पुस्तक हाय, आन कुठून बी." या एका मुद्द्यावर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

शकू मोठी झाली, हिंदी शाळेत जायला लागली. ती माझे कागद चाळायची आणि एकेक अक्षर लावत वाचायची. एकदा म्हणाली, "काकू, मराठी में काहे को लिखती हो? यहाँ पढ़ेगा कौन?" तुम्हीच तिच्या पाठीत धपाटा घातलात. "तू वाचशीन! अन् तू नाही तं मी ऐकन!" एवढा वाचकवर्ग मला पुरेसा होता, जाऊबाई. खरंच पुरेसा होता. पुण्या-नागपूरची माणसं माझ्या डोक्यातून कधी निघून गेली ते मला कळलंही नाही.

आता ज्याबद्दल लिहायचं टाळते आहे तिथं येते.

गेल्या दिवाळीनंतर बाटल्या लवकर संपायला लागल्या. माझ्या नावावर तुम्ही भाऊजींकडून दुसरी मागवलीत, तिसरी मागवलीत. मी चिडवलं, "जाऊबाई, चटक लागली की काय?" तुम्ही म्हणालात, "हौ न, गोड लागून राह्यलं आता." मी हसले आणि या खोलीत लिहायला येऊन बसले. त्या हिवाळ्यात जितकं लिहिलं तितकं कधीच लिहिलं नव्हतं. दर वेळी मी उठायला निघाले की तुम्ही हातानं खूण करायचात, बस, बस. मला वाटलं, तुम्हाला शेवट ऐकायची घाई झाली आहे.

आणि मग त्या दिवशी सकाळी पंगत बसलेली असताना तुम्ही चुलीवरून भाताचा गंज उतरवता उतरवता खाली बसलात. बसलात कसल्या, कोसळलात. मी मागून धावत आले. तुमचं लुगडं खालून भिजलेलं होतं. माझ्या तोंडून आवाज निघायच्या आत तुम्ही माझं मनगट धरलंत. "बोलू नको. बाबू लोक जेवून राह्यले. पंगत उठू दे."

मी त्या पंगतीला भात वाढला. तुम्ही दाराआड भिंतीला टेकून बसला होतात, आणि मी 'आणखी घ्या' म्हणत भात वाढला. त्या बाबूंपैकी कोणालाही अजून माहीत नाही.

नंतर मी तुम्हाला विचारलं, किती दिवस? तुम्ही म्हणालात, दिवाळीच्या मांगून. बंद झालेलं परत सुरू झालं होतं. सांगितलं का नाही, असं मी ओरडून विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मीच अडाणी आहे. "सांगतलं असतं तं मले बाहेर बसवलं असतं न वं. मंग चुलीपाशी कोन? तूच न? अन् तुयं पुस्तक?"

मला तुमचा राग येतो, जाऊबाई. तुम्ही गेलात तरी येतो. मला विचारलंत का एकदा तरी? असलं पुस्तक मी मागितलं होतं का तुमच्याकडे? मी तुमची कीव करावी हे तुम्हाला नको होतं, उपकार मानावेत हेही नको होतं. अंगातलं रक्त जात असताना तुम्ही माझ्या खोट्या दुखण्याचं औषध खरं म्हणून पीत होतात आणि वर ते गोड लागतं म्हणून सांगत होतात. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टर कागद बघून म्हणाले, घरी घेऊन जा, त्यांना जे आवडतं ते करा.

तुम्हाला ठेवलं ते याच खोलीत. विटाळ म्हणून. मी भांडले, म्हटलं आजारी बाईला कसला विटाळ. तुम्हीच म्हणालात, "असू दे. मले पाह्यची होतीच ही खोली. तू इतकी वर्सं अथी काय करतेस थे." लाकडं-गोवऱ्या बाहेर काढल्या, तुमची बाज टाकली. खानावळ मी एकटी चालवायची आणि मधल्या दुपारी इथं येऊन बसायची. तेव्हा पहिल्यांदा तुम्ही वाचायला सांगितलंत, सांगायला नव्हे. "कागदात पाहूनच वाच. तोंडानं सांगतेस तवा तू मले आवडन तसं सांगतेस." सगळं वाचलं. गेंदा, तिची आई, लेक. शेवटच्या प्रकरणाचं फक्त टाचण होतं. त्यात गेंदा खाणीच्या पाण्यात उडी घेते. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मग म्हणालात, "उडी घेतली. बरं. संध्याकाळी तिच्या घरी भाकर कोनं केली?"

मी म्हटलं, तिथं पुस्तक संपतं.

"तुयं संपते. भाकर तं लागनच न."

"मग तुम्ही सांगा, कोणी केली?"

तुम्ही कूस वळवलीत. दमला होतात. त्यावर आपण पुन्हा बोलू असं मला वाटलं. ते राहिलं.

दोन दिवसांनी तुम्ही मला हात धरून बसवलंत आणि शब्द घेतलात. "शकूले चुलीपाशी घे. आता थोडी मोठी झाली थे. शाळा शिकून तिले काय कलेक्टर व्हायचं हाय? पोळ्या येतात तिले. तू आपलं लिहून पुरं कर. मी तिच्या बापालेबी सांगून ठेवलं हाय. हौ म्हन." तुम्ही हात सोडत नव्हता. "हौ म्हन न, विमल." तुम्ही मला नावानं फार थोड्या वेळा हाक मारलीत. मी हौ म्हटलं. तुमच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मला बरंही वाटलं. तुमच्या पोटच्या पोरीची शाळा तुम्ही माझ्या पदरात टाकलीत आणि मी पदर पसरला.

हाका मारत आहेत. पुढचं नंतर लिहिते.

दुसरा दिवस. दुपार. पहिली पंगत उठली आहे, मी पाच मिनिटं काढून आले आहे.

काल संध्याकाळी मोठ्या भाऊजींनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. ते माझ्याकडे बघून बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डोळे लाल होते, मुंडण केलेलं डोकं उघडंच होतं. म्हणाले, "तिनं मले सांगून ठेवलं हाय. शकू आता घरी राहीन. चुलीचं थे पाहीन. तुमी आपलं लिहत जा. तिची लय इच्छा होती जी." आमचे हे मान हलवत होते. 'हौ, हौ, बरोबर हाय,' म्हणत होते. म्हणजे इतकी वर्षं जे मला भिंतीआड लपून मिळवावं लागलं ते भर ओसरीवर, सगळ्यांसमक्ष, दोन्ही पुरुषांनी माझ्या हातात ठेवलं. मला विटाळाची गरज नाही. खोटं बोलायची गरज नाही. रोज दुपार माझी. रोज, जाऊबाई! शेवटचं प्रकरण महिन्यात होईल. दुसरं पुस्तकही होईल.

शकू दाराशी उभी होती. तिनं तुमच्यासारखा पदर कमरेला खोचला होता. साडीची सवय नाही, तो सारखा सुटत होता. रडत नव्हती. "आई ने बोला था न काकू," म्हणाली, "मैं कर लूँगी. मले पोळ्या येतात." तिचे हात तुमच्यासारखे आहेत, रुंद.

मला ते हवं होतं. हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. मला ते इतकं हवं होतं की 'हौ' माझ्या ओठांवर आलं होतं. मग मी म्हटलं, "शकू शाळेत जाईल."

भाऊजी म्हणाले, "मंग तुमचं लिहनं?"

"राहील."

"पन तिले तुमी हौ म्हटलं होतं न."

"म्हटलं होतं."

आमचे हे उठून बाहेर गेले. ते रागावले आहेत की सुटल्यासारखं वाटतंय त्यांना, मला कळलं नाही. स्वयंपाकाला बाई ठेवा, असं मी म्हटलं. भाऊजी बघू म्हणाले. आपल्या घरातलं 'बघू' तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही मला दिवस काढून दिलेत ते स्वतःच्या अंगातून काढून दिलेत. ते मी घेतले, कारण मला कळलं नाही. आता जे दिवस मिळणार होते ते कुठून निघणार ते मला धडधडीत दिसतंय, ते मला घेता येत नाहीत. यात मोठेपणा नाही. मी चांगली बाई आहे म्हणून हे केलेलं नाही. चांगली बाई असते तर आज सकाळपासून माझी इतकी चिडचिड झाली नसती. कणकेचा गोळा मी परातीत असा आपटला की शेजारची बाई डोकावून गेली. मी या चुलीपुढं पक्की अडकले आहे. तुम्ही बाहेरून लावलेली ती कडी बरी होती. ती काढायला तरी तुम्ही होतात.

दिलेला शब्द मी मोडला आहे. रागवा. दोन दिवस बोलू नका. गेंदा पाण्याच्या काठावर उभी आहे, तिला तशीच उभी राहू दे. मला वेळ नाही आणि खरं सांगायचं तर तिनं उडी मारावी असं आता मला वाटत नाही. पण मग तिनं काय करावं, तेही मला माहीत नाही.

आज सकाळी शकूच्या वेण्या मी घातल्या. हे काम तुमचं. मला जमलं नाही, एक वर गेली, एक खाली. कणकेचा हात तिच्या रिबिनीला लागला. तिनं दप्तर उचललं, अंगणात थोडी थांबली, चपला घातल्या. मी दाराशी उभी होते. तव्यावर पोळी होती, आत बाबू पाट ओढून बसत होते. ती फाटकातून बाहेर पडली आणि शाळेच्या रस्त्याला लागली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. बरं झालं, जाऊबाई. पाहिलं असतं तर मी तिला हाक मारली असती.